कॅराव्हॅनचा फ्रिज थंड होत नाही, तेव्हा...

कोल्हापूरकरांना कोकणात उतरण्यासाठी वाटा अनेक आहेत. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीच्या बाजूने फोंडा, आजऱ्याकडून आंबोली आणि शाहूवाडीच्या बाजूने आंबा घाट. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आणि या वाटांवरून घरच बरोबर घेऊन जाण्याची कल्पना सर्वसामान्य प्रवाशांच्या बोलण्यात येऊ लागली. बिछाना, स्वयंपाकाचा ओटा, स्वच्छतागृह आणि एक छोटा फ्रिज, असा या चाकांवरच्या घराचा थाट असतो. त्यातील बाकीच्या वस्तू कुणालाही समजतात. फ्रिज मात्र अनेकदा कोड्यात टाकतो.

याचे कारण असे की, अनेक कॅराव्हॅनमधला फ्रिज आपल्या घरातल्या फ्रिजसारखा नसतो. त्याला कॉम्प्रेसर नसतो, मोटार नसते आणि तो गॅसच्या ज्योतीवरही चालतो. शोषण तत्त्वावर चालणारा म्हणजे 'ॲब्सॉर्प्शन' पद्धतीचा हा फ्रिज तारांकित हॉटेलांच्या खोल्यांमध्येही आढळतो. तेथे त्याला मिनीबार म्हणतात. त्याचा आवाज जवळजवळ होत नाही, म्हणून झोपण्याच्या खोलीत तो सोयीचा ठरतो.

शिवाजी उद्यमनगरात दुरुस्त होणार नाही असे यंत्र नाही, अशी कोल्हापूरकरांची श्रद्धा आहे आणि ती अनाठायीही नाही. तथापि, हा फ्रिज त्या श्रद्धेला अपवाद आहे. घरचा फ्रिज थंड होईनासा झाला की 'गॅस संपला असेल, भरून घ्या' असा सल्ला हमखास मिळतो. या फ्रिजच्या बाबतीत तो सल्ला चुकीचा आहेच, शिवाय धोकादायकही आहे. दिलासा देणारी गोष्ट अशी, की याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ बंद नळ्यांच्या आत नसते. ते बाहेर असते: गाडी उभी केलेल्या जागेत, मागच्या हवेच्या वाटेत, विजेच्या तारेत किंवा ज्योतीत. हे चार मुद्दे तपासता आले, तर पुष्कळसे बिघाड मालकालाच ओळखता येतात.

उष्णतेतून थंडावा

आगीवर चालणारे यंत्र थंडावा कसे निर्माण करते, हा प्रश्न कुणालाही पडेल. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे कोडे सोडविले. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्स कंपनीने त्यांचा शोध हाती घेतला आणि तो जगभर पोचला. वीज न पोचलेल्या भागांत घासलेटच्या दिव्यावर चालणारे फ्रिज एकेकाळी वापरात होते, ते याच कुळातले. हलता भाग नसलेल्या फ्रिजचा मोह अल्बर्ट आइन्स्टाइन यांनाही पडला होता. लिओ झिलार्ड यांच्यासह त्यांनी तयार केलेल्या अशाच एका फ्रिजला १९३० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले.

या फ्रिजच्या पाठीमागे वेटोळी घातलेल्या पोलादी नळ्यांचे एक बंद जाळे असते. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन हे तीन पदार्थ कारखान्यातच भरून नळ्या कायमच्या जोडून टाकलेल्या असतात. तळाशी असलेल्या बॉयलरला ज्योतीने किंवा विजेच्या हीटरने उष्णता दिली, की पाण्यात विरघळलेला अमोनिया वायुरूपाने बाहेर पडू लागतो. दूध उतू जाताना बुडबुडे जसे दुधाला वर ढकलतात, तसेच येथे अरुंद नळीतले बुडबुडे द्रवाला वर चढवितात. या यंत्रातला पंप तो एवढाच.

वर गेलेला अमोनिया मागच्या पत्र्यांच्या नळीत निवतो आणि द्रव होतो. तो उताराने फ्रिजच्या आतल्या भागात येतो. तेथे त्याची गाठ हायड्रोजनशी पडते. संपूर्ण जाळ्यात दाब एकच असतो, वातावरणाच्या सुमारे वीस ते पंचवीस पट. आतल्या भागात मात्र त्या दाबाचा मोठा वाटा हायड्रोजन उचलतो आणि अमोनियाच्या वाट्याला थोडाच दाब उरतो. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. त्यामुळे अमोनियाची झपाट्याने वाफ होऊ लागते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो फ्रिजमधल्या दुधातून, भाजीतून ओढून घेतो. शेवटी खालच्या वेटोळ्यात पाणी हा अमोनिया पुन्हा शोषून घेते आणि मिश्रण बॉयलरकडे परतते.

या वर्णनातला एक शब्द लक्षात ठेवावा, तो म्हणजे 'उतार'. द्रव एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे बहुतेक काम येथे गुरुत्वाकर्षण करते. म्हणून या फ्रिजच्या तपासणीची सुरुवात गाडी कशी उभी आहे, येथूनच करावी लागते.

पहिली तपासणी पाणसळीची

पन्हाळ्यावर किंवा आंबोलीत एखादी छानशी उतरती जागा पाहून गाडी उभी केली आणि सकाळी फ्रिज कोमट झाला, तर दोष जागेचा असण्याची शक्यता सर्वाधिक असते. नळ्यांचे उतार फ्रिज सरळ उभा असेल असे गृहीत धरूनच ठरविलेले असतात. फ्रिज कलला की द्रव मधेच साचतो आणि बॉयलरकडे परत येत नाही. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजना आडव्या दिशेने सुमारे ३ अंश आणि पुढेमागे सुमारे ६ अंशांपर्यंतचा कल चालतो. जुने फ्रिज याहून हळवे असतात. नेमकी मर्यादा प्रत्येक फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

गाडी चालू असताना घाटातल्या चढउताराची फारशी चिंता नसते, कारण कल सतत बदलतो आणि द्रव हेलकावत वाहता राहतो. नुकसान होते ते उतारावर उभ्या गाडीत फ्रिज तासन्‌तास चालू ठेवल्याने. द्रव परत न आल्यामुळे बॉयलर कोरडा पडून जास्त तापतो. नळ्या गंजू नयेत म्हणून मिश्रणात सोडियम क्रोमेट नावाचे द्रव्य घातलेले असते. अति उष्णतेने ते घट्ट होऊन बारीक नळी बुजवू शकते. असे नुकसान भरून निघत नाही आणि ते एका रात्रीत दिसतही नाही. प्रत्येक चुकीच्या मुक्कामागणिक ते थोडेथोडे साठत जाते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. गवंडी वापरतात तशी छोटी पाणसळ फ्रिजरच्या तळावर आडवी आणि मग उभी ठेवून पाहावी. चाकांखाली लाकडी ठोकळे देऊन गाडी सरळ करावी. जागा सपाट मिळत नसेल, तर फ्रिज बंद ठेवणे शहाणपणाचे. बंद फ्रिज कितीही कलला तरी बिघडत नाही. मात्र बराच कललेला असेल तर सरळ केल्यावर काही वेळ थांबून मगच तो सुरू करावा.

मागची हवा

हा फ्रिज आतली उष्णता मागच्या बाजूने बाहेर टाकतो. गाडीच्या बाहेरच्या अंगाला खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या त्यासाठी असतात. खालून थंड हवा शिरते, तापते आणि वरून निघून जाते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत या वाटेवर पाखरांची घरटी, कोळिष्टके आणि कुंभारीण माशीची मातीची घरे सापडतात. हिवाळ्यात याचा त्रास जाणवत नाही, उन्हाळ्यात मात्र फ्रिज हात टेकतो. हॉटेलमधला मिनीबार थंड होत नाही, तेव्हाही बहुधा तो मागे मोकळी जागा न ठेवता लाकडी कपाटात चेपून बसविलेला असतो.

येथेच आणखी एक गोष्ट पाहावी. फ्रिजच्या आतल्या पट्टीवर त्याचा हवामान-वर्ग लिहिलेला असतो. 'एन' वर्गाचा फ्रिज बाहेरच्या ३२ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी, 'एसटी' ३८ अंशांपर्यंत आणि 'टी' ४३ अंशांपर्यंत बनविलेला असतो. थंड देशासाठी बनलेला 'एन' वर्गाचा फ्रिज एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे दमला, तर तो बिघाड नव्हे, ती निवडीतली चूक होय. अशा वेळी गाडी सावलीत, शक्यतो फ्रिजची बाजू पश्चिमेच्या उन्हापासून दूर ठेवून उभी करावी. वरच्या जाळीपाशी १२ व्होल्टचा लहान पंखा बसविल्यासही चांगला फरक पडतो.

तीन इंधनांचा ताळा

कॅराव्हॅनमधील असा फ्रिज बहुधा तीन प्रकारे चालतो: २३० व्होल्टची वीज, गाडीची १२ व्होल्टची वीज आणि स्वयंपाकाचा गॅस. बिघाड शोधताना हीच त्याची मोठी सोय ठरते. तिन्ही प्रकारांत बॉयलरला फक्त उष्णता पुरविली जाते, पुढचे काम एकच असते. म्हणून फ्रिज गॅसवर नीट थंड होतो आणि विजेवर होत नाही, तर नळ्यांचे जाळे निर्दोष आहे आणि दोष हीटर, फ्यूज किंवा वायरिंगमध्ये आहे. विजेवर चालतो आणि गॅसवर नाही, तर दोष ज्योतीकडे आहे. तिन्हींवर चालत नसेल आणि गाडीही सरळ उभी असेल, तरच जाळ्याबद्दल शंका घ्यावी.

हीटरची तपासणी कोणताही इलेक्ट्रिशियन मीटरने करू शकतो. २३० व्होल्टचा १२५ वॉटचा हीटर सुमारे ४२० ओहम दाखवील, १२ व्होल्टचा १२० वॉटचा हीटर सुमारे १.२ ओहम. मीटरने काहीच वहन दाखविले नाही, तर हीटर जळालेला आहे. तो बदलता येतो आणि त्यासाठी बंद नळ्यांना हात लावावा लागत नाही.

हीटर चांगला असूनही फ्रिज मंद पडतो, तेव्हा व्होल्टेज पाहावे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. शेतीपंप सुरू झाल्यावर एखाद्या गावात व्होल्टेज २३० वरून १८० वर आले, तर हीटरची उष्णता जवळपास ४० टक्क्यांनी घटते. दिवा लागलेला दिसतो, पण बॉयलर पुरेसा तापत नाही. १२ व्होल्टच्या बाबतीत बारीक तारांमुळे हाच प्रकार होतो. वाटेत एक व्होल्ट जरी गळाला, तरी सुमारे १६ टक्के उष्णता जाते. शिवाय १२० वॉटचा हीटर बॅटरीतून सलग १० अँपियर ओढतो. इंजिन बंद करून रात्रभर या पद्धतीने फ्रिज चालविला, तर सकाळी फ्रिज कोमट आणि बॅटरीही रिकामी, अशी दुहेरी पंचाईत होते. १२ व्होल्टचा वापर गाडी चालू असतानाच करावा.

परदेशातून आणलेल्या गाडीबाबत विशेष सावधगिरी हवी. अमेरिकी फ्रिजचा हीटर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टवर थेट जोडला, तर साडेतीन पटींहून अधिक उष्णता निर्माण होऊन तो जळतो.

ज्योत निळी हवी

गुळव्याचे निम्मे कसब जसे चुलवाणातल्या जाळावर असते, तसेच गॅसवर चालणाऱ्या या फ्रिजचे सारे काम एका बोटभर ज्योतीवर असते. ती निळी, स्थिर आणि धुराड्याच्या बरोबर खाली असावी. पिवळी, लपलपणारी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे बर्नरला हवा कमी पडते आहे किंवा त्याचे बारीक छिद्र, म्हणजे जेट, मळले आहे. जेट सुईने किंवा तारेने कधीही टोकरू नये. त्याचे छिद्र केसाइतके बारीक असते आणि किंचित मोठे झाले तरी ज्योतीचे प्रमाण कायमचे बिघडते. तो स्पिरिटमध्ये भिजवून हवेने फुंकून स्वच्छ करावा. धुराड्यात टांगलेली पिळाची पत्री वर्षातून एकदा काढून तिच्यावरची काजळी झाडावी आणि मूळच्या उंचीवरच परत बसवावी.

बटण दाबून धरले असता ज्योत पेटते आणि सोडताच विझते, अशी तक्रार असेल, तर थर्मोकपल तपासावे. ज्योत विझल्यास गॅस बंद करणारी ती सुरक्षेची कळ आहे. तिचे टोक ज्योतीत नीट आलेले नसते, सैल असते किंवा झिजलेले असते. कळ बांधून ठेवून फ्रिज चालविण्याची युक्ती कुणी सुचविली, तर ती कदापि मान्य करू नये. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी हवा विरळ झाल्याने ज्योत रुसते. तेथे विजेचा आधार घ्यावा.

गॅसच्या सांध्यांची गळती साबणाच्या पाण्याने पाहावी, काडी ओढून नव्हे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गाडीच्या तळाशी साचतो आणि नाकापर्यंत उशिरा पोचतो. प्रवासात आणि पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी ज्योत बंद असलीच पाहिजे. धुराडे तुंबले तर ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठण्याची संधीही देत नाही. त्याची सूचना देणारा छोटा गजर गाडीत असणे ही चैन नव्हे. सवलतीचा घरगुती सिलिंडर अशा कामासाठी वापरणे नियमाला धरून नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सवयींचे बिघाड

काही तक्रारींत यंत्राचा दोष नसतोच. घरचा फ्रिज तासा-दोन तासांत थंड होतो, याला आठ ते बारा तास लागू शकतात. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर तो रिकामा चालू करावा आणि सकाळी आधीच थंड केलेल्या वस्तू त्यात ठेवाव्यात. तापवलेले दूध आत ठेवणे, वस्तू दाटीने भरणे आणि वारंवार दार उघडणे त्याला झेपत नाही.

पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या दमट हवेत आतल्या पत्र्यांवर बर्फ लवकर धरतो. हा बर्फ थंडावा अडवितो. फ्रिज बंद करून तो आपोआप वितळू द्यावा, सुरीने खरवडू नये. दाराच्या रबराची परीक्षा साधी आहे. दारात कागदाचा कपटा धरून दार लावावे. कपटा सहज निसटला, तर बाहेरची हवा आत येते आहे.

मधूनमधून येणारा गुडगुड आवाज द्रव वाहत असल्याची खूण असते, त्याची धास्ती नको. आत एक थर्मामीटर मात्र कायम ठेवावा. प्रवासात कुणाचे इन्शुलिन बरोबर असेल, तर न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे आणि गोठताही कामा नये. 'हाताला गार लागते' हा अंदाज तेथे चालत नाही.

हात लावू नये तेथे

वरील सारे तपासूनही फ्रिज थंड होत नसेल, तर शेवटची परीक्षा करावी. फ्रिज पूर्ण सरळ ठेवून, रिकामा, २३० व्होल्टच्या विजेवर चोवीस तास चालवावा. मग मागच्या नळ्यांची ऊब जपून पाहावी. बॉयलर कडक तापला आहे, खालचे शोषणाचे वेटोळे मात्र गारच आहे आणि आतही थंडावा नाही, अशी स्थिती असल्यास आतला प्रवाह थांबला आहे असे समजावे.

घासलेटच्या फ्रिजच्या काळात अशा वेळी अख्खा फ्रिज उलटा करून ठेवण्याची पद्धत होती. अडकलेला द्रव सुटून काही फ्रिज पुन्हा चालू लागतही. मात्र नळी क्रोमेटने बुजलेली असेल, तर हा उपाय टिकत नाही आणि जुन्या, गंजलेल्या नळ्यांना असा धक्का सोसेलच असे नाही.

अमोनियाचा झणझणीत वास आला किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली, तर मात्र कोणतीही परीक्षा करू नये. ही गळतीची खूण आहे. ज्योत आणि वीज बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे. अमोनिया डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा करतो, हायड्रोजन पेट घेतो आणि पिवळी भुकटी विषारी आहे. ती उघड्या हाताने पुसू नये.

अशा फ्रिजची नळी कापून, झाळून, गॅस भरून देतो असे सांगणाऱ्या मेकॅनिकला नम्रपणे नकार द्यावा. त्याचे कसब कॉम्प्रेसरच्या फ्रिजवर घडलेले असते. वीस-पंचवीस पट दाबाखाली, ठरलेल्या प्रमाणात भरलेले तीन पदार्थ रस्त्याकडेच्या दुकानात परत भरता येत नाहीत. मागचे संपूर्ण जाळे बदलणे किंवा फ्रिजच बदलणे, हे दोनच मार्ग उरतात.

बदलायचाच असेल, तर आपली गरज तपासावी. १२ व्होल्टवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रिज आता कॅराव्हॅनसाठी मिळतात. ते कलण्याला फारसे जुमानत नाहीत, उन्हाळ्यात लवकर थंड होतात आणि वीजही कमी घेतात. मात्र त्यांना बॅटरी किंवा सौर पॅनेलचा भरवसा लागतो. जेथे चार-चार दिवस वीज मिळणार नाही आणि रात्रीची शांतता हवी आहे, तेथे ज्योतीवरच्या फ्रिजचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. जो कुणी तो घेईल, त्याने हवामान-वर्ग पाहून घ्यावा आणि गाडीत एक पाणसळ ठेवावी. मुक्कामाच्या जागी पोचल्यावर चहाचे आधण ठेवण्याआधी तिच्यातला बुडबुडा मध्यावर आला आहे का, एवढे पाहिले तरी या फ्रिजच्या निम्म्या तक्रारी उद्‌भवणार नाहीत.